समजून घ्या : समुद्रावरचा सूर्योदय फोनमध्ये फिका का दिसतो? अलार्म कितीचा लावायचा आणि फोनला काय सांगायचं?

आईने तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. भारताची प्रमाणवेळ कोणत्या रेखांशावरून ठरते, हे तिने किती मुलांकडून पाठ करून घेतलं असेल याची मोजदाद नाही. निवृत्तीनंतरच्या पहिल्या डिसेंबरात आम्ही तिघं पुरीला गेलो. तिला एकच गोष्ट हवी होती. समुद्रातून वर येणारा सूर्य बघायचा आणि त्याच्यासोबत एक फोटो काढायचा. कोकणात जन्म गेला, पण समुद्रात सूर्य बुडतानाच पाहिला, उगवताना कधी नाही, असं ती नेहमी म्हणायची.

पहिल्या दिवशी मी सहाचा अलार्म लावला. हिवाळ्यात मुंबईत सात वाजता उजाडतं, म्हणजे तासभर हातात आहे, असा माझा हिशेब. चहा घेऊन, शाल गुंडाळून आम्ही किनाऱ्यावर पोहोचलो तेव्हा सहा पस्तीस झाले होते आणि सूर्य चांगला कासराभर वर आला होता. आई दोन मिनिटं गप्प उभी राहिली आणि मग स्वतःवरच हसली. "अगं, साडेब्याऐंशी अंश! मी शिकवायचे ना हे! आणि अलार्म लावताना दोघींनाही आठवलं नाही."

आमच्याकडे आणखी एकच सकाळ होती. त्या रात्री मी लॅपटॉप उघडून बसले. इलेक्ट्रॉनिक्सच्या पदवीत इमेज प्रोसेसिंगचा पेपर दिला होता, त्याचा कुठे तरी उपयोग व्हायलाच हवा होता. वेळ कशी चुकली, फोटो का फसतात आणि दुसऱ्या दिवशी काय केलं, ते इथे सांगते. या सुट्टीत तुम्ही पुरी, कन्याकुमारी, रामेश्वरम किंवा विशाखापट्टणमला जाणार असाल, तर निघण्याआधी वाचून ठेवा.

घड्याळ एकच, मग सूर्य लवकर कसा उगवतो?

भारतभर घड्याळ एकच चालतं. ते 82.5 अंश पूर्व रेखांशावर ठरतं. ही रेषा उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जाते. मुंबई या रेषेच्या बरीच पश्चिमेला, 72.8 अंशांवर आहे. पुरी तिच्या पूर्वेला, 85.8 अंशांवर. दोघांत 13 अंशांचं अंतर. पृथ्वीला एक अंश फिरायला 4 मिनिटं लागतात. म्हणजे 13 गुणिले 4, साधारण 52 मिनिटं.

डिसेंबरच्या मध्यात मुंबईत सूर्य सातच्या किंचित नंतर उगवतो, तर पुरीत सव्वासहाच्या सुमारास. जूनच्या पूर्वार्धात हाच फरक मुंबईत सहा आणि पुरीत पाच वाजून पाच-सात मिनिटं असा असतो.

पण फरक फक्त रेखांशाने पडत नाही. अक्षांश आणि ऋतूचाही त्यात वाटा असतो. कन्याकुमारी विषुववृत्ताच्या जवळ आहे, त्यामुळे तिथे दिवस फारसा लहान-मोठा होत नाही. डिसेंबरात तिथला सूर्योदय मुंबईच्या अर्धा तासाहून अधिक आधी, सहा पंचवीसच्या आसपास होतो. जूनमध्ये मात्र मुंबई आणि कन्याकुमारीत तो जवळपास एकाच वेळी, सहाच्या आगेमागे होतो. म्हणून अंदाजावर जाऊ नका. आदल्या संध्याकाळी फोनच्या हवामानाच्या ॲपमध्ये त्या गावाचं नाव टाका आणि तिथली सूर्योदयाची वेळ बघा. आपल्या शहराची नव्हे, त्या गावाची.

अलार्म त्या वेळेचा लावायचा का?

नाही. त्याच्या किमान पाऊण तास आधी किनाऱ्यावर असायला हवं.

सूर्य क्षितिजावर टेकला की त्याचं पूर्ण बिंब वर यायला पुरीच्या अक्षांशावर अडीच मिनिटांच्या आसपास वेळ लागतो. फोन खिशातून काढून, कुलूप उघडून, कॅमेरा सुरू करेपर्यंत त्यातला अर्धा वेळ जातो. शिवाय फोटोसाठी सगळ्यात चांगले रंग बहुतेक वेळा सूर्य दिसण्याच्या आधीच येऊन जातात.

सूर्य क्षितिजाखाली 6 अंशांवर असतो तेव्हापासून तो उगवेपर्यंतच्या काळाला खगोलशास्त्रात नागरी संधिप्रकाश म्हणतात. पुरीत हा काळ साधारण 24 मिनिटांचा असतो. आपण ज्याला तांबडं फुटणं म्हणतो, ते याच वेळात. आकाश खाली केशरी, मध्ये गुलाबी आणि वर निळं असतं. सूर्याचा झगमगाट नसल्यामुळे फोनलाही हा उजेड सहज पेलतो. सूर्य वर आला की पाच-दहा मिनिटांत हे रंग धुऊन जातात.

दुसऱ्या दिवशी आम्ही साडेपाचला वाळूवर होतो.

एक गंमत यात आहे. सूर्याचं बिंब क्षितिजाला टेकलेलं दिसतं, तेव्हा प्रत्यक्षात तो पूर्णपणे क्षितिजाखाली असतो. हवेच्या थरांतून येताना प्रकाश वाकतो आणि क्षितिजाजवळची प्रतिमा अर्ध्या अंशाहून थोडी जास्त वर उचलली जाते. सूर्याचं बिंबही साधारण अर्ध्या अंशाचंच असतं. म्हणजे आपण जो पाहतो, तो अजून वर न आलेला सूर्य! आईला हे सांगितलं तेव्हा तिने "हे मला ठाऊक आहे" अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं.

सूर्य नेमका कुठून वर येईल?

'पूर्वेकडून' हे उत्तर फोटोसाठी पुरेसं नाही. पुरीच्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य पूर्वेपासून सुमारे 25 अंश दक्षिणेला सरकून उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेला.

पुरीचा किनारा सरळ पूर्वेकडे तोंड करून नाही, तो बराचसा दक्षिणेकडे वळलेला आहे. त्यामुळे हिवाळ्यात सूर्य समुद्रातून वर येताना स्पष्ट दिसतो. जूनमध्ये तो किनाऱ्याच्या रेषेलगत, जमिनीच्या बाजूकडे सरकतो. 'आम्ही गेलो तेव्हा सूर्य समुद्रातून आलाच नाही' अशी तक्रार करणारे बहुधा उन्हाळ्यात गेलेले असतात.

कोकणात तर वर्षभर हीच अडचण. आपला समुद्र पश्चिमेला, त्यामुळे सूर्य डोंगराआडून येतो आणि समुद्रात बुडतो. आईला पुरीला यायचं होतं ते यासाठीच.

जागा आदल्या संध्याकाळीच बघून ठेवा. फोनच्या होकायंत्रात दिशा धरा आणि त्या रेषेत काय येतंय ते पाहा. विजेचा खांब, टपरी की एखादी होडी? पहाटेच्या अंधारात हे शोधत बसायला वेळ नसतो.

डोळ्यांना केशरी दिसतं, फोनमध्ये पांढरं. असं का?

हा खरा प्रश्न. त्याची तीन कारणं आहेत आणि तिन्हींमध्ये फोन आपल्या परीने मदतच करत असतो.

पहिलं कारण, उजेड मोजण्याची पद्धत. ऑटो मोडमध्ये कॅमेरा चित्राची एकूण उजळता मध्यम राखाडीच्या आसपास आणायला बघतो. पहाटेचं दृश्य बरंचसं काळोखं असतं. फोनला वाटतं उजेड कमी आहे, म्हणून तो सगळं चित्र उजळवतो. काळोखी वाळू राखाडी होते आणि आधीच उजळ असलेलं आकाश पांढरं पडतं. एकदा पांढरा झालेला भाग नंतर कितीही एडिट केला तरी त्यात रंग परत येत नाही, कारण ती माहिती नोंदलीच गेलेली नसते.

दुसरं कारण, रंग 'दुरुस्त' करण्याची सवय. घरातल्या पिवळ्या दिव्याखाली पांढरा सदरा पांढराच दिसावा, म्हणून फोन पिवळेपणा कमी करतो. याला ऑटो व्हाइट बॅलन्स म्हणतात. सूर्योदयाचा केशरी रंगही त्याला दिव्याच्या पिवळेपणासारखाच वाटू शकतो आणि तो त्यात निळा मिसळतो. हा केशरी रंग मात्र खरा असतो. क्षितिजावरच्या सूर्याचा प्रकाश डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत सुमारे 38 पट हवा ओलांडून येतो. वाटेत निळा प्रकाश विखुरला जातो, तांबडा-केशरी आपल्यापर्यंत पोहोचतो.

तिसरं कारण एचडीआर आणि नाइट मोड. फोन क्षणार्धात कमी-अधिक उजेडाचे अनेक फोटो घेतो आणि त्यांचं एक चित्र बनवतो. उजळ भाग दाबतो, काळोखे भाग वर काढतो. दुपारच्या फोटोला हे उपयोगी पडतं. पहाटे मात्र उजेड आणि अंधार यांच्यातला फरक हेच बघण्यासारखं असतं आणि फोन नेमका तोच पुसतो. नाइट मोड तर साडेपाचची पहाट साडेआठची करून टाकतो.

आपले डोळेही जुळवाजुळव करतात. नजर आकाशाकडे गेली की बाहुली आकसते, वाळूकडे आली की विस्फारते. मेंदू या सगळ्या तुकड्यांचं एक चित्र करतो. म्हणून आपल्याला रंगही दिसतात आणि होडीवरचा माणूसही. फोनला मात्र काय महत्त्वाचं आहे ते सांगावं लागतं.

मग फोनला काय सांगायचं?

महागडं ॲप लागत नाही. बहुतेक फोनमध्ये एवढं करता येतं.

1. सूर्याच्या शेजारच्या उजळ आकाशावर बोट टेकवून दाबून धरा. बऱ्याच फोनमध्ये यामुळे फोकस आणि उजेड तिथे कुलूपबंद होतो.

2. बाजूला सूर्याचं छोटं चिन्ह दिसेल. ते बोटाने खाली ओढा. पडद्यावरचं चित्र डोळ्यांना दिसतंय त्यापेक्षा किंचित काळोखं झालं की थांबा. आकड्यात सांगायचं तर उणे 1 ते उणे 2. काळोखा फोटो नंतर थोडा उजळवता येतो, पांढरा पडलेला सावरता येत नाही.

3. नाइट मोड बंद करा. अगदी अंधार असताना तो हवा असेल तर फोन कशाला तरी टेकवून ठेवा.

4. प्रो मोड असेल तर व्हाइट बॅलन्स 'डेलाइट'वर किंवा 5,500 केल्विनच्या आसपास ठेवा. मग फोन केशरी रंग पुसणार नाही. आयएसओ शक्य तितका कमी ठेवा.

5. सेटिंगमध्ये जाऊन ग्रिड सुरू करा आणि क्षितिज आडव्या रेषेला जुळवा. समुद्र एका बाजूला कलला की पाणी फोटोतून सांडतंय असं वाटतं. आमच्या घरी असे बरेच फोटो आहेत, सगळे बाबांनी काढलेले.

6. लाट फुटताना एकच फोटो घेऊ नका. सलग आठ-दहा घ्या आणि नंतर एक ठेवा.

एवढा मोठा सूर्य फोटोत टिकलीएवढा का?

क्षितिजावरचा सूर्य मोठा वाटतो, पण तो भास असतो. दुपारी आणि सकाळी त्याचं बिंब जवळपास तेवढंच, अर्ध्या अंशाचं. उलट हवेमुळे ते क्षितिजाजवळ थोडं चपटं होतं.

फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात साधारण 70 अंशांचं दृश्य मावतं. त्यात अर्ध्या अंशाचा सूर्य म्हणजे फोटो आडवा धरला तर त्याच्या लांबीचा सुमारे एकशेतिसावा भाग. टिकलीच ती! बोटांनी चिमटा काढून झूम केलं की फोन बऱ्याचदा चित्राचा मधला तुकडा कापून मोठा करतो आणि सूर्याच्या कडा फाटतात. फोनला वेगळं टेलिफोटो भिंग असेल तर तेच वापरा, नसेल तर झूम करू नका.

त्यापेक्षा सूर्याला सोबत द्या. एखादी होडी, जाळं ओढणारी माणसं, ओल्या वाळूतलं प्रतिबिंब. लाट मागे गेल्यावर काही सेकंद वाळू आरशासारखी चमकते. फोन खाली, गुडघ्याच्या उंचीवर धरला की त्यात सगळं आकाश उतरतं. आमच्या त्या सकाळच्या फोटोंमध्ये सूर्य छोटाच आहे, पण खाली वाळूत पडलेला त्याचा पट्टा आईच्या पायांपर्यंत आलेला आहे.

माणसांचे चेहरे काळे का येतात?

कारण आपण सगळे सूर्याकडे पाठ करून उभे राहतो. चेहऱ्यावर सावली आणि मागे झगझगीत आकाश. चेहऱ्यावर बोट टेकवलं की चेहरा उजळतो आणि आकाश पांढरं होतं. आकाशावर टेकवलं की चेहरा काळा. दोन्ही एका फोटोत मिळवण्याची धडपड सोडा आणि दोन वेगळे फोटो काढा.

पहिला, मुद्दाम काळ्या आकृतीचा. सूर्य वर येण्याच्या आगेमागे माणसाला बाजूने उभं करा. नाक, हनुवटी, पदर, काठी यांची कडा स्पष्ट दिसली पाहिजे. समोरून काळा आलेला माणूस नुसता खांब दिसतो.

दुसरा, सूर्य उगवल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी. आता तुम्ही सूर्याकडे पाठ करा आणि माणसाला सूर्याकडे तोंड करून उभं करा. तेवढ्या वेळात ऊन कोवळं आणि तिरपं असतं, ते चेहऱ्यावर सरळ पडतं. डोळे फारसे मिटत नाहीत. या फोटोत सूर्य नसतो, पण त्याचा उजेड असतो.

फोटो धुरकट आले तर?

आधी फोन पुसा. समुद्रकिनारी हवेत खारे तुषार असतात, ते भिंगावर चिकटतात. सूर्य समोर असला की त्या पातळ थरावर प्रकाश पसरतो आणि चित्र दुधाळ होतं. मऊ सुती कापड जवळ ठेवा. वाळूच्या हाताने किंवा ओढणीच्या टोकाने घासू नका, ओरखडे पडतात.

खोलीत एसी चालू असेल तर आणखी एक घोटाळा होतो. थंड फोन दमट हवेत आणला की भिंगावर बाष्प धरतं. निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी फोन बाल्कनीत किंवा खिशात ठेवा, म्हणजे तो बाहेरच्या तापमानाला येतो.

समोर सूर्य असताना फोटोत हिरवट ठिपका दिसला तर फोन बिघडलेला नाही. भिंगांच्या आत परावर्तित झालेला तो सूर्यच असतो. फोन थोडा तिरपा केला की ठिपका सरकतो.

आणि 'पाण्यापासून सुरक्षित' असलेल्या फोनबद्दल. ही सुरक्षितता गोड्या पाण्यात तपासलेली असते. खाऱ्या पाण्याचा शिडकावा झाला तर ओल्या मऊ कापडाने पुसून कोरडा करा आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण सुकेपर्यंत वायर लावू नका.

फोटोच्या नादात काय विसरायचं नाही?

डोळे. तांबूस सूर्य सौम्य वाटला तरी त्याच्याकडे टक लावू नका आणि तो वर चढू लागला की अजिबात नको. कुणाकडे आरशाचा मोठा कॅमेरा असेल तर त्याच्या खिडकीतून थेट सूर्य पाहणं आणखी धोक्याचं, कारण भिंग तो प्रकाश डोळ्यात एकवटतं. पडद्यावर पाहून फोटो काढा.

पाणी. पुरीच्या समुद्राला ओढ आहे. पडद्याकडे बघत मागे सरकताना लाट कधी गुडघ्यापर्यंत येते ते कळत नाही. किनाऱ्यावर टोकदार टोप्या घातलेले नोळिया असतात. ते मूळचे कोळी, पर्यटकांना समुद्रस्नानात सांभाळणारे. त्यांनी मागे व्हा म्हटलं की मागे व्हायचं. खडक आणि बंधारे असलेल्या किनाऱ्यांवर तर पहाटेच्या ओलसर शेवाळावर उभं राहून सेल्फी नकोच.

माणसं. पहाटेचा किनारा कोळ्यांच्या कामाची जागा असते. जाळी ओलांडू नका, फोटोआधी विचारा. मागे कुणी स्नान करत असेल तर चौकट बदला. आपल्या फोटोसाठी त्यांनी परवानगी दिलेली नसते.

आणि रथसप्तमीचं काय?

पुरीपासून साधारण 35 किलोमीटरवर कोणार्क. 13व्या शतकातलं तिथलं मंदिर म्हणजे सूर्याचा दगडी रथ, 24 चाकांचा आणि 7 घोड्यांचा. 1984 पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथून तीनेक किलोमीटरवर चंद्रभागा किनारा आहे. माघ शुद्ध सप्तमीला पहाटे तिथे स्नान करून उगवता सूर्य बघायला मोठी गर्दी जमते. आपल्याकडे त्याच दिवशी रथसप्तमी असते. अंगणात सूर्याचा रथ काढतात, दूध उतू घालतात. त्या दिवसांत तिथे सूर्योदय सव्वासहा ते साडेसहाच्या दरम्यान असतो. म्हणजे साडेपाचला वाळूवर. आईने पुढच्या वेळेसाठी हे लिहून घेतलं आहे.

त्या दुसऱ्या सकाळी मी एकूण दोनशेच्या वर फोटो काढले. परतीच्या गाडीत त्यातले नऊ ठेवले. सूर्य समुद्रातून अर्धा वर आलेला आहे, असा एक आहे. सगळ्यांना तोच आवडला. आईने मात्र डीपीला दुसरा लावला. त्यात सूर्य नाही. ती समुद्राकडे बघते आहे, चेहऱ्यावर कोवळं ऊन, एक बट कपाळावर आणि हातात चपला.

तो तिने शाळेतल्या जुन्या शिक्षकांच्या ग्रुपवरही टाकला. खाली लिहिलं होतं : "पुरी. रेखांश 85.8 पूर्व. सूर्योदय 6 वाजून 14 मिनिटे. आदल्या दिवशी उशीर झाला होता."